वाचलेल्या हृदयाचे देणे

रमजानचा चंद्र दिसायच्या आठ-दहा दिवस आधीपासून जळगाव-धुळ्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "डॉक्टरसाहेब, यंदा रोजे ठेवता येतील ना?" विचारणाऱ्याला स्टेंट बसवून कधी सहा महिने झालेले असतात, तर कधी बायपास होऊन सहा वर्षे उलटलेली असतात. नवरात्र जवळ आले की हाच प्रश्न उपवासाबद्दल येतो आणि आषाढी जवळ आली की पंढरीच्या वाटेबद्दल. माणसे वेगळी, सण वेगळे, पण विचारायचे असते ते एकच. आजारातून वाचलो खरा, पण मी पहिल्यासारखा माणूस राहिलो आहे का?

हा प्रश्न एका पिढीपूर्वी इतक्या वेळा विचारला जात नव्हता, कारण विचारायला माणूस मागे उरतच नसे. हृदयविकाराचा झटका म्हणजे घरच्यांना तारा करायची वेळ, अशीच समजूत होती. अँजिओग्राफी करायची तर मुंबई-नाशिकचा रस्ता धरावा लागे. आज जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत अँजिओप्लास्टी होते. त्यामुळे खान्देशातल्या जवळपास प्रत्येक गल्लीत, प्रत्येक मोहल्ल्यात मृत्यूच्या दारातून परत आलेला एखादा चाचा, एखादे आबा, एखादी ताई सापडते. वाचलेल्या माणसांची ही संख्या समाजासाठी नवी आहे. या माणसांनी मिळालेल्या आयुष्याचे करायचे काय, याचा विचार मात्र अजून कोणी फारसा केलेला नाही.

बहुतेकांचे वागणे दोन प्रकारांत मोडते. पहिला प्रकार लपवण्याचा. मुलीचे स्थळ पाहायचे चालू आहे, सासरकडचे म्हणतील घराण्यातच रोग आहे. बाजारात उधारी चालते, व्यापाऱ्याला कळले तर तो हात आखडता घेईल. म्हणून "जरा बीपी वाढले होते, दोन दिवस दाखल होतो," एवढ्यावर विषय मिटवला जातो. छातीवरची शस्त्रक्रियेची खूण सदऱ्याच्या गुंडीआड जाते आणि गोळ्यांची पाकिटे कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

दुसरा प्रकार याच्या उलट, पण तितकाच घातक. हा माणूस झटक्याची गोष्ट चौकात रंगवून सांगतो. "डॉक्टरांनी हात टेकले होते, पण आपण काय घाबरतो का? पंधरा दिवसांत दुकानावर बसलो. गोळ्या तर कधीच बंद केल्या. हे बघा, ठणठणीत!" ऐकणाऱ्यांना स्फूर्ती मिळाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यातलाच एखादा घरी जाऊन आपल्याही गोळ्या बंद करतो. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी औषधे मनाने थांबवली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. बहादुरीच्या त्या गोष्टीची किंमत अशा वेळी भलत्याच घराला मोजावी लागते.

लपवणे आणि मिरवणे या दोहोंपेक्षा वेगळी वाट महाराष्ट्राने पाहिलेली आहे. डॉ. अभय बंग हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. वर्धा-सेवाग्रामच्या गांधीविचारांच्या वातावरणात वाढलेला हा डॉक्टर पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीसारख्या दूरच्या आदिवासी जिल्ह्यात गेला आणि तिथे 'सर्च' ही संस्था उभी राहिली. हजारो माणसांच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या या माणसाला स्वतःला वयाच्या 44 व्या वर्षी, नव्वदच्या दशकाच्या मध्यात, हृदयविकाराचा झटका आला.

ही घटना लपवायला कारणे कमी नव्हती. आरोग्याचे धडे देणाऱ्या डॉक्टरलाच हृदयरोग व्हावा, साधेपणाने जगणाऱ्याच्या रक्तवाहिन्या तुंबाव्यात, म्हणजे लोकांना हसायला विषय. पण डॉ. बंग यांनी सगळे लिहून काढले. राजहंस प्रकाशनाने काढलेले 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे त्यांचे पुस्तक मराठी घराघरांत पोहोचले. झटका आलेल्या माणसाला भेटायला जाताना फळांबरोबर हे पुस्तक नेण्याची रीत कित्येक शहरांत पडली. एका आजाऱ्याने दुसऱ्या आजाऱ्याचा हात धरावा, तसे ते पुस्तक चालले.

या पुस्तकाची ताकद औषधांच्या माहितीत असती तर ते जुने होऊन विस्मरणात गेले असते. ताकद आहे ती लेखकाने स्वतःची झडती घेण्यात. आपण डॉक्टर असून स्वतःच्या शरीराकडे दुर्लक्ष केले, व्यायाम टाळला, सतत घाईत राहिलो, कामाचा ताण आणि मनातला राग वाहत राहिलो, हे त्यांनी वाचकापुढे उघड केले. रोगाला त्यांनी 'साक्षात्कारी' म्हटले आणि त्या एका शब्दात सगळे आले. झटक्याने त्यांना स्वतःकडे पाहायला लावले. इस्लाममध्ये 'तौबा' या शब्दाचा मूळ अर्थ मागे फिरणे, वळणे असा आहे. नुसते "चुकलो" म्हणून तौबा होत नाही, पाऊल वळावे लागते. त्यांचे पाऊल खरोखर वळले. आहार बदलला, व्यायाम आणि ध्यान आले, माणसांशी असलेली नाती पुन्हा जुळवली गेली.

या वळणावर त्यांना अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या प्रयोगाचा आधार मिळाला. ऑर्निश यांनी 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले होते. अत्यंत कमी चरबीचा शाकाहार, चालणे, ताण कमी करण्याचा सराव, धूम्रपान बंद आणि सोबत्यांचा आधार असा तो कार्यक्रम होता. वर्षभर तो पाळणाऱ्या रुग्णांपैकी बहुसंख्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे वाढायचे थांबून किंचित कमी होताना दिसले. प्रयोग लहान होता, पण रोगाची गाडी एकाच दिशेने धावते ही समजूत त्याने हलवली. यातली एक बाब खान्देशातल्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. सोबत्यांचा आधार हा त्या उपचाराचाच एक भाग होता. रुग्ण एकमेकांना भेटत, मन मोकळे करत. एकट्याने जपलेले पथ्य दोन महिने टिकते, चौघांनी मिळून जपलेले वर्षभर टिकते. ज्या घरात तीस दिवस सारे मिळून सहेरीला उठतात, त्या घराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आजारानंतर डॉ. बंग नुसते स्वतःची नाडी मोजत बसले नाहीत. गडचिरोलीच्या खेड्यांत बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग तेव्हा चालू होता. त्याचे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. त्या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. पुढे आशाताईंमार्फत देशभर गेलेल्या नवजात बाळांच्या घरभेटींचे मूळ या कामात आहे. 2006 पासून 'निर्माण' या उपक्रमातून ते तरुणांना एकच गोष्ट विचारत आले आहेत, आयुष्य कशासाठी वापरायचे? झटका आला नसता तरी त्यांनी काम केलेच असते. पण मृत्यू जवळून पाहिलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला की तरुण तो टाळू शकत नाहीत.

स्वतःचे आजारपण उघड सांगितल्याने समाज कसा शहाणा होतो, याचे जगातले मोठे उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचे. 24 सप्टेंबर 1955 रोजी पहाटे डेन्व्हरमध्ये सुटीवर असताना त्यांना झटका आला. सुरुवातीला बाहेर सांगण्यात आले, ते पोट बिघडल्याचे. म्हणजे आपल्याकडे "काही नही, गॅस शे" म्हणून सोडा पिऊन झोपतात, तीच कथा जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या घरी घडली. पण नंतर पडदा टाकला गेला नाही. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांसमोर येऊन साध्या भाषेत सांगितले, हृदयात काय होते, माणूस बरा कसा होतो, पुन्हा कामावर कधी जाऊ शकतो. तेव्हा झटका आलेल्या माणसाला आयुष्यभर खाटेवरचा पाहुणा समजत. आयसेनहॉवर पुढच्या वर्षी निवडणूक लढले, जिंकले आणि 1969 पर्यंत जगले. त्या काळात लाखो सामान्य रुग्णांना आपणही उठून चालू शकतो हे कळले.

खान्देशलाही आपले उदाहरण आहे. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी 1963 साली रॉकेलविक्रीपासून सुरुवात केली आणि ठिबक सिंचनाचे नाव जळगावशी कायमचे जोडले. भाऊंनी हृदयविकार आणि शस्त्रक्रिया यांचा त्रास सोसला, पण दुखण्याचे निमित्त करून आरामखुर्ची धरली नाही. जळगावच्या जैन हिल्सवर 2012 साली गांधीतीर्थ उभे राहिले, तेव्हा भाऊंची पंचाहत्तरी जवळ आली होती. 2016 मध्ये त्यांचे निधन झाले. आज शाळांच्या सहलीतून तिथे येणाऱ्या मुलांना कदाचित ठाऊकही नसेल की हे स्वप्न दुखऱ्या हृदयाच्या माणसाने पाहिले होते.

ही नावे वाचून फेरीवाल्या चाचांना किंवा एसटीच्या निवृत्त वाहकाला वाटेल, ते मोठे लोक, त्यांनी पुस्तके लिहिली, संस्था काढल्या, आपण काय करणार? इथेच गैरसमज होतो. वाचलेल्या माणसाने मोठे काम उभे करावे, अशी अपेक्षाच नाही. त्याने खरे सांगावे, एवढेच पुरे आहे. कारण जे काम रुग्णालयाच्या भिंतीवरचे फलक करू शकत नाहीत, ते त्याचा एक शब्द करतो. डॉक्टर म्हणतात "तंबाखू सोडा", तेव्हा माणूस मान हलवतो आणि बाहेर येऊन पुडी फोडतो. पण ज्याच्यासोबत वीस वर्षे पुडी खाल्ली, तो दोस्त सदरा वर करून छातीवरची खूण दाखवतो आणि म्हणतो, "भाऊ, हे बघ, इथून कापले होते," तेव्हा हात थांबतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळते हे सर्वांना माहीत आहे. कायद्याचा हात पोहोचत नाही तिथे दोस्ताचा हात पोहोचतो.

मग सांगायचे काय? पहिली गोष्ट वेळेची. हृदयाला रक्त नेणारी वाहिनी बंद पडली की स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. वाहिनी जितक्या लवकर उघडेल तितके हृदय वाचते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असो वा अँजिओप्लास्टी, पहिल्या काही तासांत तिचा फायदा सर्वांत जास्त. म्हणून वाचलेल्या माणसाने चारचौघांत सांगावे, "मी किती वेळ वाया घालवला." गॅस समजून ओवा खाल्ला, मुलगा ड्युटीवरून येईपर्यंत थांबलो, शेजाऱ्याची गाडी शोधली, आधी गल्लीतल्या दवाखान्यात गेलो. हा हिशेब ऐकून पुढचा माणूस एक तास जरी कमी वाया घालवेल, तरी त्या सांगण्याचे चीज झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावलच्या आतल्या गावांत किंवा साक्रीच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हा एक तास फार मोठा आहे, कारण त्यांच्या वाट्याला रस्ताही लांबचा येतो. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून धावते. हा क्रमांक घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही पाठ हवा.

दुसरी गोष्ट लक्षणांची. झटका म्हणजे सिनेमातल्यासारखे छातीला हात लावून कोसळणे, हे अनेकांच्या डोक्यात पक्के बसले आहे. प्रत्यक्षात छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते, वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरते, दरदरून घाम फुटतो, मळमळते, दम लागतो. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता थकवा येतो आणि श्वास पुरत नाही. इफ्तारच्या आधी दोन तास गॅसपुढे उभी असलेली घरातली बाई "जरा गळून गेल्यासारखं होतंय" म्हणते, तेव्हा तिला "रोजा आहे ना, म्हणून" असे उत्तर मिळते. तीही भजी तळायची थांबत नाही. दिवाळीच्या फराळाच्या कढईपुढे उभ्या असलेल्या बाईलाही असेच उत्तर मिळते. ज्या बाईने असा झटका सोसला आहे, तिने आपल्या भावकीतल्या, शेजारच्या बायकांना हे सांगितले तर कितीतरी जीव वाचतील. बायकांचे ऐकायला बायकाच हव्यात.

तिसरी गोष्ट पैशांची. पैशांच्या भीतीने अनेक जण घरीच थांबतात. राज्य सरकारची आरोग्य योजना 2012 साली ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत धुळे होते. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. अँजिओप्लास्टी आणि बायपास या दोन्हींचा तिच्यात समावेश आहे आणि योजनेत असलेल्या रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र बसलेला असतो. कागद कोणते लागतात, कोणत्या खिडकीवर जायचे, हे ज्याने स्वतः केले आहे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही. शिकल्या-सवरल्या माणसालाही त्या घडीला काही सुचत नाही. अशा वेळी आधी त्या दारातून गेलेला शेजारी सोबत असणे म्हणजे अर्धे दुखणे कमी होणे.

आता रमजानच्या मूळ प्रश्नाकडे. रोजा हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक आहे आणि श्रद्धावान माणसाला तो सोडावा लागला तर मनाला लागते, हे समजून घेतले पाहिजे. पण आजारी आणि प्रवासी यांना कुरआनच्या 'बकरा' या सूरेतच सवलत दिलेली आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करता येतात. ज्याला ते कायमचेच शक्य नाही, त्याने रोज एका गरजूला जेवू घालावे. ही सवलत कुणाच्या दुबळेपणाची नोंद नाही. तीही धर्मानेच दिलेली आहे आणि ती घेणे हेही धर्माचेच पालन आहे.

ज्यांची तब्येत स्थिर आहे असे कितीतरी हृदयरुग्ण डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे ठेवतात. औषधांच्या वेळा सहेरी आणि इफ्तारवर बसवून घेता येतात. मात्र हे काम डॉक्टरांचे आहे आणि ते रमजानच्या आधी व्हावे. दुपारची गोळी स्वतःच रद्द करणे किंवा तिन्ही गोळ्या रात्री एकदम घेणे हा खेळ नव्हे. ज्यांना नुकताच झटका आला आहे, ज्यांचे हृदय कमजोर झाले आहे, ज्यांना अजून छातीत दुखते, त्यांनी रोजा ठेवणे जीवावर बेतू शकते. रमजान उन्हाळ्यात आला तर खान्देशच्या उन्हात अंगातले पाणी कमी होण्याचा धोका वेगळाच. रोजा असताना छातीत दुखू लागले तर मगरिबच्या अजानची वाट पाहायची नाही. रोजा नंतर भरून काढता येतो.

इथे खरी हिंमत लागते. मोहल्ल्यात सगळे रोजेदार असताना ज्येष्ठ माणसाने चार लोकांदेखत पाण्याचा घोट घेऊन गोळी गिळणे सोपे नसते. लोक काय म्हणतील या भीतीने आजारी माणसे दार लावून पाणी पितात, किंवा औषध टाळून बाहेर रोजेदार म्हणून वावरतात. म्हणून ज्यांचा शब्द मोहल्ल्यात चालतो, अशा वाचलेल्या माणसाने उघडपणे म्हणावे, "डॉक्टरांनी मना केले आहे, यंदा मी रोजे ठेवत नाही, फिदिया देतो." त्याच्या या एका वाक्याने गल्लीतल्या चार आजारी माणसांची लाज गळून पडते. शेजारच्या वाड्यातल्या आजीने "औषध घ्यायचे म्हणून मी निर्जळी एकादशी करत नाही" असे जाहीर सांगणे हेही तेवढेच मोलाचे. श्रद्धा जपून शरीर जपणाऱ्यांची अशी उदाहरणे दोन्ही बाजूंना दिसली, तर हट्टाने उपास करून दवाखान्यात पोहोचणाऱ्यांची संख्या नक्की कमी होईल.

ताटाबद्दलही तेच. दिवसभर संयम आणि सूर्यास्ताला समोसे, भजी, तळलेले कबाब, वर गोड सरबत, असे होत असेल तर शरीराला महिनाभरात फायद्यापेक्षा तोटाच जास्त. खजूर, पाणी, फळे आणि डाळ यांनी रोजा सोडण्यात सणाचे काहीही उणे होत नाही. तर्रीदार शेवभाजी आणि तुपात बुडवलेली दालबट्टी यांच्यावर प्रेम करणाऱ्या खान्देशाला तेल कमी करा म्हणणे कठीण आहे, पण शेजारच्या पंगतीत बसलेला वाचलेला माणूस "मला तर्री नको" असे हसत म्हणू शकतो. त्याला पाहून दुसराही वाटी मागे सरकवतो. कळण्याची भाकरी आणि भरीत हे तर खान्देशाच्या घरचेच आहे, फक्त भरितावरचे तेल बेताने हवे.

सांगताना दोन पथ्ये मात्र पाळायला हवीत. पहिले असे की आजाऱ्याला दोषी ठरवू नये. हृदयरोग नेहमीच माणसाच्या चुकीने होत नाही. काही जण आनुवंशिकता घेऊन जन्माला येतात आणि भारतीयांना हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा साधारण पाच ते दहा वर्षे लवकर गाठतो. ट्रकचालकाला, हमालाला, रात्रपाळीच्या कामगाराला सकाळी मेहरूण तलावाभोवती फिरायला वेळ मिळत नाही. त्यांना उपदेश करण्याआधी त्यांचा दिवस समजून घ्यावा. दुसरे पथ्य असे की आपल्या अनुभवाचे औषध बनवू नये. अमुक काढा पिऊन नसा मोकळ्या झाल्या, तमुक वैदूने बायपास टाळली, असल्या गोष्टी वाचलेल्या माणसाच्या तोंडून निघाल्या की आगीसारख्या पसरतात. डॉ. बंग यांनी जीवनशैली बदलली ती उपचार घेऊन, उपचार टाळून नव्हे.

आणि मनाचे काय? झटक्यानंतर अनेकांना रात्री झोप येत नाही, जरा धडधडले की भीती वाटते, चिडचिड होते, घरातले कौतुकही टोचते. "वाचलास ना, मग रडतोस कशाला" असे त्यांना ऐकवले जाते. हदीसमध्ये हृदयाला साऱ्या शरीराच्या भल्याबुऱ्याचे मूळ मानले आहे. सुफी संतांनी आणि वारकरी संतांनी अंतःकरण शुद्ध करण्याची भाषा केली, ती याच हृदयाच्या नावाने. वैद्यकशास्त्रही आता नैराश्य आणि एकटेपणा हे हृदयरोगाला मारक असल्याचे सांगते. अशा माणसाला दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडण्याची संधी मिळाली तर त्याचे स्वतःचेही मन सावरते. दुसऱ्या आजाऱ्याच्या उशाशी बसून "मीही असाच घाबरलो होतो" म्हणताना त्याची भीतीही थोडी उतरते.

हे घडवायला मोठा निधी नको. तरावीहनंतर दहा मिनिटे मशिदीच्या आवारात एखाद्या डॉक्टरने आणि एखाद्या वाचलेल्या माणसाने मिळून बोलावे. गणेश मंडळांनी दहा दिवसांतली एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. बेशुद्ध पडलेल्या आणि श्वास थांबलेल्या माणसाची छाती मधोमध जोराने, मिनिटाला 100 ते 120 वेळा कशी दाबायची, हे तिथे प्रत्यक्ष शिकवता येईल. शाळा-महाविद्यालयांनी शिक्षकदिनासारखा एक तास वाचलेल्या माणसांना द्यावा. त्यांच्याकडे पदवी नसेल, पण ते ज्या परीक्षेतून आले तिचा अभ्यासक्रम कुठल्याच पुस्तकात पूर्ण छापलेला नाही.

रमजानमध्ये मुसलमान घरांतून जकातीचा हिशेब होतो. वर्षभर आपल्याजवळ राहिलेल्या मालमत्तेतला ठरलेला वाटा गरजूंचा असतो, तो दिल्याशिवाय उरलेले धन शुद्ध होत नाही अशी श्रद्धा आहे. मृत्यूच्या दारातून परत आलेल्यांजवळही एक मिळकत असते, जास्तीच्या दिवसांची. तिच्यातही दुसऱ्यांचा वाटा आहे, आणि तो द्यायला पैसा लागत नाही. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याला येणाऱ्या हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांना, अर्धी वाटीच हातात घेऊन, "पूर्ण का घेत नाही ते सांगतो, बसा," एवढे म्हणता आले तरी हा वाटा देण्याची सुरुवात होईल.